सल्ल्यामागचा आकडा : प्रस्तावना

बँका, बिगरबँकिंग वित्तसंस्था, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, नागरी सहकारी बँका आणि प्रसंगी कर्जदार उद्योग यांना पैशाच्या व्यवहारासंबंधी निर्णय घेण्यास मदत करणे, हे वित्तसेवा सल्लागार संस्थेचे काम. कर्ज द्यावे की नाही, थकलेल्या कर्जातले किती हाती लागेल, एखादी वित्तसंस्था विकत घेण्याजोगी आहे का, नियामकाला पाठवलेली माहिती बरोबर आहे का, असे प्रश्न तिच्यापुढे येतात. उत्तरे शेवटी एका सादरीकरणात किंवा अहवालात बसवली जातात आणि संचालक मंडळापुढे ठेवली जातात. त्या अहवालातला प्रत्येक आकडा कुठल्या फाइलीतून आला, वाटेत त्याच्यावर काय काय प्रक्रिया झाली आणि दुसऱ्या कागदाशी तो जुळतो का, हे सांगण्याची जबाबदारी डेटा ॲनालिस्टवर असते. प्रस्तुत ग्रंथ या कामाविषयी आहे.

सल्लागार संस्थेतली उतरंड ठरलेली असते. ज्याच्या नावावर काम येते तो भागीदार वर. क्लायंटशी रोज बोलणारा मॅनेजर त्याच्या खाली. मग प्रश्नाची मांडणी करणारा कन्सल्टंट. आणि शेवटी ॲनालिस्ट, ज्याच्या लॅपटॉपवर क्लायंटचा डेटा प्रत्यक्षात उघडतो. बँकेत नोकरीला असलेला ॲनालिस्ट वर्षानुवर्षे एकाच प्रणालीवर काम करतो आणि तिचे खाचखळगे त्याला पाठ असतात. सल्लागार संस्थेतल्या ॲनालिस्टपुढे मात्र दर काही आठवड्यांनी नवी संस्था, नवी प्रणाली, नवे संक्षेप आणि नव्या चुका येतात. माहिती वाहून नेण्याची व्यवस्था डेटा इंजिनिअर उभारतो, भाकिते करणारी प्रारूपे डेटा सायंटिस्ट बांधतो. ॲनालिस्टला या दोन्हींची जाण लागतेच, पण हातखंडा लागतो तो ताळमेळाचा. कार्यालयांत याला सगळे ‘रेको’ म्हणतात. नवख्याला हे काम दुय्यम वाटते. उरलेल्या सगळ्या कामाचा पाया तेच आहे, हे या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्रतिपादन नुसते तत्त्व म्हणून राहू नये, यासाठी एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे आहे. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बीरगांव आहे. त्याची महानगरपालिका रायपूरहून वेगळी आहे. लगतच उरला औद्योगिक क्षेत्र आणि थोडे पुढे सिलतरा. स्पंज आयर्नचे कारखाने, इंडक्शन भट्ट्या, रोलिंग मिल आणि त्यांच्या आधाराने चालणाऱ्या लहान वर्कशॉप यांची येथे दाटी आहे. मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या ॲनालिस्टच्या तक्त्यात हा सगळा परिसर ‘लोह-पोलाद, लघुउद्योग, छत्तीसगड’ एवढ्या तीन रकान्यांत मावतो. त्या रकान्यांमागे काय असते, हे एका मिलपुरते तरी जवळून पाहिले पाहिजे.

समजा, बीरगांव परिसरातल्या एका रोलिंग मिलने बँकेकडे सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट वाढवून मागितली आहे आणि बँकेने तिचे व्यवहार तपासण्यासाठी सल्लागार नेमला आहे. ॲनालिस्टकडे चार गोष्टी येतात : वर्षभराची बँक स्टेटमेंट, जीएसटीची विवरणपत्रे, वीजबिले आणि दरमहा बँकेला दिलेली स्टॉक स्टेटमेंट. खात्यात जमा भरपूर दिसते. तपशील वाचत गेल्यावर लक्षात येते, की त्यातल्या काही रकमा मालकाच्याच दुसऱ्या फर्मकडून आल्या आहेत आणि दोन-चार दिवसांत तिकडेच परत गेल्या आहेत. त्या वगळल्याशिवाय उलाढालीचा अंदाज फुगलेलाच राहणार. पुढे जीएसटीआर-१ मधली विक्री जीएसटीआर-३बी शी, खरेदी जीएसटीआर-२बी शी आणि दोन्ही स्टॉक स्टेटमेंटशी ताडून पाहायची. शेवटी वीज. इंडक्शन भट्टी आणि रोलिंग स्टँड विजेवर चालतात, त्यामुळे एका टनामागे लागणारी युनिटे महिन्यामागून महिने साधारण एका पट्ट्यात राहतात. एखाद्या महिन्यात विक्री दुप्पट झाली आणि युनिटे मात्र तेवढीच राहिली, तर प्रश्न विचारावाच लागतो.

कच्चा आणि पक्का ॲनालिस्ट इथे ओळखू येतो. कच्चा ‘बनावट विक्रीची शक्यता’ असे लिहून पुढच्या पानाकडे वळतो. पक्का आधी इतर कारणे तपासतो. मिलने तयार सळई बाहेरून घेऊन विकली असेल तर विक्री वाढेल, वीज वाढणार नाही. याउलट दुसऱ्याचे बिलेट घेऊन मजुरीवर सळई रोल करून दिली असेल तर वीज भरपूर लागेल, पण बिलात फक्त मजुरीची रक्कम दिसेल. सिलतऱ्याकडच्या मोठ्या कारखान्यांत स्पंज आयर्नच्या भट्टीतून निघणाऱ्या तप्त वायूवर वीज तयार करतात. अशा कारखान्याच्या वीज कंपनीच्या बिलावरून उत्पादनाचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. पावसाळ्यात बांधकामे मंदावली की सळईचा उठाव कमी होतो, म्हणून ऑगस्टचा आकडा मार्चशी भिडवून निष्कर्ष काढता येत नाही. ही सगळी कारणे तपासूनही तफावत शिल्लक राहिली, तर ती अहवालात ठळकपणे नोंदवावी लागते, मग क्लायंटला आवडो वा न आवडो. घाईने ठेवलेल्या ठपक्यामुळे चांगल्या मिलचे कर्ज अडते आणि कामगारांचा पगार लांबतो. घाईने दिलेल्या होकारामुळे ठेवीदारांचा पैसा बुडतो. दोन्ही चुकांची किंमत दुसरे कोणीतरी मोजते.

आकड्यांवर कारभार चालवण्याची परंपरा या प्रदेशाला जुनीच. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांनी छत्तीसगडमधले रतनपूर जिंकले. १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहू लागले. १७८७ मध्ये त्यांच्या निधनानंतर सुभेदारांची राजवट आली आणि परगण्यांच्या हिशेबाची व्यवस्था कमाविसदार व फडणवीस यांच्या हाती गेली. १८५४ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला तरी रायपुरातली मराठी वस्ती टिकली. तात्यापारा आणि महाराष्ट्र मंडळ ही तिची आजची ओळख. त्या काळची आकडेमोड मात्र वसुलीसाठी होती. आकड्यांतून धोरणावर प्रश्न उपस्थित करण्याची पद्धत पुढे आली आणि तिच्यात मराठी विचारवंतांचा वाटा मोठा आहे.

२६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात अंदाजपत्रकावर भाषण केले. सरकार शिल्लक रकमेकडे समृद्धीची खूण म्हणून बोट दाखवत होते. दुष्काळाने गांजलेल्या देशात ही शिल्लक जादा करआकारणीतून आणि रुपयाच्या चढवलेल्या विनिमयदरातून आली आहे, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांतून मांडून दाखवले. दुसऱ्याने दिलेला आकडा जसाच्या तसा न घेता तो कसा तयार झाला हे पाहणे, ही ॲनालिस्टची मूळ शिस्त त्या भाषणात स्वच्छ दिसते. १९२३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गावोगाव, घरोघर जाऊन माहिती गोळा करणारी सर्वेक्षणे तिने केली. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक सुरू झाली आणि १९४३ मध्ये चिंतामणराव देशमुख तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

जगात या विषयाला वेगळे वळण मिळाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९५६ मध्ये अमेरिकेत बिल फेअर आणि अर्ल आयझॅक यांनी कर्जदाराला गुण देण्याचा व्यवसाय उभा केला. १९६८ मध्ये एडवर्ड ऑल्टमन यांनी ६६ कंपन्यांच्या ताळेबंदांवरून पाच गुणोत्तरांचे सूत्र मांडले. कंपनी बुडण्याची शक्यता त्यातून वर्तवता येत होती. १९७० मध्ये एडगर कॉड यांच्या लेखाने संबंधाधारित डेटाबेसची कल्पना दिली, तिच्यातून पुढे एसक्यूएल आली. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आणि १९८५ मध्ये एक्सेल आले आणि हिशेबाची वही संगणकावर गेली. पायथॉनमधले पांडाज हे आज सर्रास वापरले जाणारे साधन २००८ मध्ये एका गुंतवणूक संस्थेतच आकाराला येऊ लागले. कर्जाचा धोका, डेटाबेस आणि तक्ता या तीन धाग्यांची वीण म्हणजे आजचे वित्तीय विश्लेषण.

भारतात १९८४ आणि १९८९ च्या रंगराजन समित्यांच्या अहवालांनी बँकांच्या संगणकीकरणाची दिशा ठरवली. १९८७ मध्ये मुंबईत क्रिसिल ही देशातली पहिली पतमानांकन संस्था स्थापन झाली. पण ॲनालिस्टच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल १९९१ च्या बँकसुधारणांवरच्या नरसिंहम समितीनंतर झाला. तोपर्यंत कर्ज चांगले की वाईट, हे बरेचसे बँकेच्या अधिकाऱ्याच्या मतावर ठरत असे. नव्या नियमांनी ते थकबाकीच्या कालावधीशी बांधले आणि मार्च २००४ पासून ९० दिवसांची मर्यादा लागू झाली. म्हणजे हप्ता कोणत्या तारखेला देय होता आणि कोणत्या तारखेला भरला गेला, या दोन नोंदींवर हप्त्याच्या कर्जांची वर्गवारी उभी राहिली. तारीख बदलली की कर्जाचे रूप बदलते. थकलेले कर्ज नव्या कर्जाने फेडून ते चालू दाखवण्याची पद्धत, जिला बँकांत एव्हरग्रीनिंग म्हणतात, तिला याच फटीतून वाव मिळाला.

२००० मध्ये सिबिल ही पतमाहिती संस्था आली. २०१४ मध्ये पाच कोटी व त्याहून मोठ्या कर्जांची मध्यवर्ती नोंद रिझर्व्ह बँकेने सुरू केली. २०१५ मध्ये तिने बँकांच्या मालमत्तेच्या गुणवत्तेची झाडाझडती घेतली. एकाच कर्जदाराला एक बँक चांगला आणि दुसरी थकबाकीदार म्हणत होती, ही विसंगती त्यातून चव्हाट्यावर आली. मार्च २०१८ मध्ये व्यापारी बँकांचे ढोबळ अनुत्पादक कर्ज ११ टक्क्यांच्या वर गेले होते, मार्च २०२५ ला ते अडीच टक्क्यांच्या खाली होते. २०१६ मध्येच दिवाळखोरी कायदा आला होता, आणि वसुली, मूल्यांकन, तोडगा यांसाठी सल्लागार संस्थांत ॲनालिस्टची मोठी भरती झाली.

या क्षेत्रात आज चार प्रमुख विचारधारा दिसतात. पहिली लेखापरंपरेतली. ती कागदावरून सुरुवात करते, प्रत्येक नोंदीचा माग काढते आणि फसवणुकीच्या तपासात तिला तोड नाही. मात्र लाखो खाती समोर आली की ती अपुरी पडते. दुसरी सांख्यिकीची. ती एकेका कर्जदाराकडे न पाहता समूहाकडे पाहते, थकबाकीची संभाव्यता काढते आणि गुणपत्रके बांधते. बँकांच्या भांडवलाचे आंतरराष्ट्रीय बाजल निकष आणि अपेक्षित तोट्याची लेखापद्धती तिच्यावरच उभी आहेत. मोठ्या बिगरबँकिंग वित्तसंस्थांना ही लेखापद्धती २०१८ पासून लागू झाली. भूतकाळासारखाच भविष्यकाळ असेल हे सांख्यिकी विचारधारेचे गृहीतक, आणि तीच तिची मर्यादा. तिसरी मूल्यांकनाची. उद्योगाच्या पुढच्या पाच-दहा वर्षांच्या रोखप्रवाहाचा तक्ता मांडून ती आजची किंमत काढते. तिच्यात गृहीतके उघड्यावर असतात हा गुण, आणि एका टक्क्याच्या फरकाने हवे ते उत्तर काढता येते हा दोष. चौथी यंत्रशिक्षणाची. माणसाला न दिसणारे नमुने ती शोधते, पण नकार का दिला हे कर्जदाराला समजेल अशा शब्दांत सांगणे तिला जड जाते.

या चौघींत श्रेष्ठ कोण, हा वाद निष्फळ आहे. बीरगांवच्या मिलसाठी पहिली लागते, दहा लाख दुचाकी कर्जांसाठी दुसरी, बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या विक्रीसाठी तिसरी आणि कार्डावरच्या क्षणाक्षणाच्या व्यवहारांसाठी चौथी. चारही पद्धती एकाच गोष्टीवर विसंबून असतात : हाती आलेला डेटा खरा आणि पूर्ण असला पाहिजे. तो तसा नसला की काय होते, याचे दोन धडे पुरेसे आहेत.

२०१२ मध्ये जेपी मॉर्गन बँकेच्या लंडन कार्यालयातल्या सौद्यांत सहा अब्ज डॉलरांहून अधिक तोटा झाला. २०१३ च्या अंतर्गत अहवालात नोंद आहे, की जोखमीचे प्रारूप एक्सेलच्या अनेक तक्त्यांवर चालत होते, आकडे हाताने एका तक्त्यातून दुसऱ्यात चिकटवले जात होते आणि एका सूत्रात सरासरीने भागायच्या ठिकाणी बेरजेने भागले गेले होते. परिणामी जोखीम असल्यापेक्षा कमी दिसली. जानेवारी २०१३ मध्येच बाजल समितीने जोखमीचा डेटा कसा गोळा करावा याची तत्त्वे जाहीर केली. दुसरा धडा घरचा. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. एका गृहनिर्माण कंपनीची थकलेली कर्जे झाकण्यासाठी रिझर्व्ह बँकेला दिलेल्या माहितीत २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली गेली, असे पोलिसांकडच्या तक्रारीत नमूद होते. लंडनमधली चूक अनवधानाची. मुंबईतल्या प्रकरणात आरोप जाणीवपूर्वक लपवाछपवीचा. दोन्ही पकडण्याचा उपाय सारखाच आहे : बेरीज मूळ नोंदीपर्यंत मागे नेऊन पाहणे. मुंबईतले हजारो ठेवीदार स्वतःच्याच पैशासाठी बँकेच्या दारात उभे होते. रेकोला कंटाळवाणे काम म्हणणाऱ्याने ते दृश्य विसरू नये.

हा विषय आत्ता समजून घेण्याची निकड तीन कारणांनी वाढली आहे. पहिले, डेटाचा महापूर. १ जुलै २०१७ पासूनच्या जीएसटीमुळे लहान उद्योगांचीही खरेदी-विक्री नोंदीत आली. सप्टेंबर २०२१ मध्ये अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्था कार्यरत झाली आणि कर्जदाराच्या संमतीने बँक स्टेटमेंट थेट, फेरफार न होता मिळू लागले. पूर्वी तारण नसल्यामुळे दारातून परत जाणाऱ्या वर्कशॉपवाल्याला आता रोखप्रवाहाच्या बळावर कर्ज मिळण्याची शक्यता निर्माण झाली आहे. दुसरे, जबाबदारी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहिती कशासाठी घेतली आणि किती काळ ठेवली याचे उत्तर देण्याची तरतूद केली. क्लायंटची फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवणे ही आता निव्वळ सवयीची बाब राहिलेली नाही. तिसरे, कृत्रिम बुद्धिमत्ता. क्वेरी लिहिणे, तक्ते साफ करणे, आलेख काढणे ही कामे यंत्र झपाट्याने करू लागले आहे. मजुरीवर रोल केलेल्या सळईचा संशय मात्र त्याला आपणहून येत नाही. तो येण्यासाठी उद्योग माहीत असावा लागतो, आणि म्हणून उद्योग जाणणाऱ्या ॲनालिस्टची किंमत वाढणार आहे.

रायपूर-भिलाईच्या मुलामुलींसाठी ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. नोकरीसाठी पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद गाठावे लागते, आणि तिथे पोचल्यावर आपले गाव मागासलेले वाटू लागते. वस्तुस्थिती उलटी आहे. ज्याने लहानपणापासून भट्टीचा धूर, ट्रकांची रांग, भाताच्या हंगामात हलणारा पैसा आणि महिनाअखेरीस पगाराची ओढाताण पाहिली आहे, त्याला ताळेबंदातली विसंगती लवकर दिसते. हे ज्ञान कोणत्याही प्रमाणपत्र अभ्यासक्रमात मिळत नाही.

या ग्रंथाचा प्रयत्न मर्यादित आणि निश्चित आहे. वाणिज्य, संख्याशास्त्र किंवा अभियांत्रिकीच्या पदवीनंतर या क्षेत्रात येणाऱ्या मराठी वाचकाला सगळा प्रांत एका दृष्टिक्षेपात दाखवावा; मग एकेक कागद, म्हणजे बँक स्टेटमेंट, विवरणपत्र, ताळेबंद, कर्जखात्याची नोंद, कसा वाचावा हे शिकवावे; आणि शेवटी निष्कर्ष कसा लिहावा, याची सवय लावावी, असा त्याचा क्रम आहे. एक्सेल, एसक्यूएल आणि पायथॉन यांचा वापर गरजेपुरता येतो. साधने बदलतात, म्हणून त्यांच्या तपशिलावर जागा खर्च केलेली नाही. शेअर बाजारातले सौदे आणि विमागणित हे स्वतंत्र विषय आहेत, ते येथे घेतलेले नाहीत. उदाहरणे शक्य तेथे रोलिंग मिल, भातगिरणी, पतसंस्था, दुचाकी कर्ज अशा परिचयाच्या व्यवहारांतली आहेत. परिभाषा कार्यालयांत बोलली जाते तशीच ठेवली आहे, कारण वाचकाला उद्या त्याच शब्दांत काम करायचे आहे.

वाचकाने हा ग्रंथ हातात खराखुरा डेटा घेऊन वाचावा. घरच्या दुकानाचे, ओळखीच्या वर्कशॉपचे किंवा गावातल्या पतसंस्थेचे बारा महिन्यांचे हिशेब मालकाच्या परवानगीने घ्यावेत, ते दुसऱ्या एखाद्या कागदाशी ताडून पाहावेत आणि न जुळणाऱ्या प्रत्येक रकमेचे कारण स्वतः जाऊन विचारावे. तफावत का आली हे मालकाला त्याच्या भाषेत समजावून सांगता आले, म्हणजे या पेशाची पहिली पायरी चढून झाली.